हात तोच, बैठक वेगळी : साडेसात महिन्यांच्या छकुलीचं प्रकरण

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदार घरातून साडेसात महिन्यांची मुलगी माझ्याकडे सांगलीला आली. सोबत आई आणि वडिलांची आई. वडापातून, म्हणजे खच्चून भरलेल्या जीपमधून, उन्हाच्या आल्या होत्या, तिघीही दमल्या होत्या. बालरोगतज्ज्ञांची चिठ्ठी दोन ओळींची होती : वजन-उंची ठीक, हात पुढे करून वस्तू घेत नाही, पाहावे. आजीनं तेच तिच्या शब्दांत सांगितलं. "बघतीया, हसतीया, हाक मारली की मान वळवतीया. पर बसवून म्होरं खुळखुळा धरला की नुसती टकामका बघत बसती. हात काय उचलत न्हाय. हातात जोर न्हाय का वो मॅडम हिच्या?"

मी लहान बाळांची फिजिओथेरपी करते. 'हात चालत नाही' म्हणून आलेल्या बाळाचा हात मी सगळ्यात शेवटी तपासते, आधी पाठ आणि कंबर बघते. असं का करते, ते या प्रकरणात फार स्वच्छ दिसलं, म्हणून ते सविस्तर लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. छकुली हे कुणाही घरातल्या मुलीचं लाडाचं नाव, तेच इथे वापरते.

आधीची हकीकत

छकुली ३५ आठवड्यांची जन्मली, वजन २.१ किलो. जन्मल्या जन्मल्या रडली, श्वासाचा त्रास नाही, झटके नाहीत, कावीळ साधी, दोन दिवस दिव्याखाली ठेवलं तेवढंच. लोहाचे आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब चालू होते. पहिले तीन महिने आईच्या माहेरी मिरज तालुक्यात गेले, मग बाळ-बाळंतीण सासरी आली.

इथे पहिली गोष्ट वयाची. बाळ पाच आठवडे आधी आलं असेल, तर त्याच्या हालचाली जोखताना ते पाच आठवडे वजा करायचे आणि दोन वर्षांचं होईपर्यंत असंच मोजायचं. म्हणजे कागदावर साडेसात महिन्यांची छकुली आमच्या हिशेबानं सव्वासहा महिन्यांची होती. आजीला हे पटायला वेळ लागला. "हिचा बाप सहाव्या महिन्यात पाटावर बसला व्हता," हे तिनं त्या दिवशी तीनदा सांगितलं. मी तिला जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली जाहीर केलेल्या अभ्यासाबद्दल सांगितलं. घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतली निरोगी बाळं त्यात होती. आधाराशिवाय बसणं कुणाला ३.८ महिन्यांत जमलं, कुणाला ९.२ महिन्यांपर्यंत थांबावं लागलं, सरासरी सहा महिन्यांच्या आसपास. एवढा मोठा फरक निरोगी बाळांतही असतो. शेजारणीच्या नातवाशी तुलना करून रडकुंडीला आलेल्या कितीतरी आया मी पाहिल्या आहेत, त्यांना हेच आकडे आधी सांगते.

दुसरा प्रश्न मी नेहमी विचारते, तो म्हणजे 'काल सकाळपासून रात्रीपर्यंत बाळ कुठे कुठे होतं?' व्यायाम कोणते करता हे विचारून फार काही कळत नाही, दिवस कसा गेला हे विचारलं की सगळं बाहेर येतं. फेब्रुवारीपासून बेदाण्याचा हंगाम होता. छकुलीची आई सकाळी शेडवर जायची, दुपारी दूध पाजायला यायची, पुन्हा जायची. एप्रिलमध्ये द्राक्षवेलींची खरड छाटणी आली. घरात आजी एकटी, चूल, जनावरं, आलं-गेलं. मग बाळ कुठे? झोळीत, मांडीवर, भिंतीच्या कोपऱ्यात तीन उशा लावून बसवलेलं, आणि चौथ्या महिन्यापासून चाकांच्या पांगुळगाड्यात. "त्यात बसली की गप ऱ्हाती." खाली वाकळेवर किती वेळ? आई म्हणाली, "खाली ठेवलं की रडते. आत्यांना (म्हणजे सासूबाईंना) काम सुचत नाही, म्हणून उचलूनच घेतात." हिशेब केला तेव्हा जागेपणी जमिनीवर पाव तासही भरेना.

यात कुणाची चूक शोधायला मी बसले नव्हते. हंगाम कुणासाठी थांबत नाही आणि आजीला दोनच हात आहेत.

तपासणी

फरशीवर सतरंजी, तिच्यावर घडी केलेली वाकळ. मऊ गादी मी वापरत नाही. गादीत कंबर रुतते आणि बाळाला आपलं वजन कुठे पडतंय ते कळत नाही.

आधी उताणी ठेवली आणि छातीच्या वर वीतभर अंतरावर लाल लोकरीचा गोंडा धरला. डोळे ताबडतोब त्यावर. पाय उचलले, आणि दोन्ही हात एकदम वर आले. दोन्ही! तळवे उघडे, अंगठा मुठीबाहेर. गोंडा दोन्ही हातांत धरला, ओढला, सरळ तोंडात. मी तो उजवीकडे नेला, डावीकडे नेला, दोन्ही बाजूंना हात सारखाच गेला. आजी पुढे सरकून बघायला लागली. घरी तिनं बाळाला उताणं ठेवून कधी काही दाखवलंच नव्हतं, त्यामुळे हा हात तिनं पाहिलाच नव्हता.

मग बसवली. मांड्या फाकवून, गुडघे थोडे वाकलेले. छकुलीनं लगेच दोन्ही तळवे समोर जमिनीवर टेकवले, पाठीची कमान झाली, मान मात्र ताठ. तिवईसारखी बसली होती : दोन हात आणि बूड. तोच गोंडा समोर धरला. डोळे त्यावर खिळले, तोंड उघडलं, जीभ बाहेर आली, खांदे किंचित हलले. बोटं वाकळेत रुतली. हात जागचा हलला नाही.

हे दृश्य मी आईला आणि आजीला दोनदा दाखवलं, कारण सगळं प्रकरण त्यात होतं. हात तोच होता. आडवी असताना जमीन सगळं अंग पेलत होती, म्हणून हात मोकळे होते. बसल्यावर हातांना खांबाचं काम लागलं. घराचा खांब काढून कुणी वस्तू आणायला पाठवत नाही, छकुलीही पाठवत नव्हती. तिला गोंडा हवाच होता, तोंडानं तसं सांगितलंही होतं. पण हात उचलला तर आपण पडू, हे तिला आपल्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

आता प्रश्न एवढाच की धड सावरून धरण्याचा ताबा मानेपासून खाली कुठपर्यंत उतरला आहे. यासाठी माझे हात हेच साधन. बाळाला बाकड्यावर बसवून मागून दोन्ही हातांनी धड घट्ट धरायचं, आधी काखेपाशी, मग खांद्याच्या पात्यांखाली, मग खालच्या फासळ्यांवर, फासळ्यांच्या खाली, शेवटी कमरेच्या हाडांवर. प्रत्येक वेळी हातांच्या वरचा भाग स्थिर राहतो का ते पाहायचं. ब्रिटनमधल्या पेनी बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ही टप्प्याटप्प्याची पद्धत नीट बांधून मांडली, आम्ही तीच वापरतो. छकुली फासळ्यांखाली धरेपर्यंत सरळ राहिली आणि तिथे धरल्यावर तिचा उजवा हात गोंड्याकडे आला. डगमगत, पण आला. हात खाली सरकवून कमरेच्या हाडांवर आणले, तशी पाठ कोसळली, दोन्ही हात पुन्हा खाली. मधली ती चार बोटं, फासळी ते कंबर, हीच तिची अडचण होती.

बाकीची तपासणीही पूर्ण केली, कारण असा हात काही वेळा मेंदूच्या दुखण्यामुळेही थांबलेला असतो. अंगठा सतत मुठीत राहतो का, एकच हात पुढे येतो का, पाय ताठ होऊन कैचीसारखे एकमेकांवर जातात का, दोन्ही बाजूंत फरक आहे का, पूर्वी येत असलेलं काही गेलं का. वर्षाच्या आत बाळ ठरावीक एकच हात वापरू लागलं तर घरचे कौतुकानं 'डावखुरं होणार' म्हणतात. मला तिथे शंका येते आणि दुसऱ्या हाताची तपासणी मी त्याच दिवशी करते. छकुलीच्या बाबतीत यांतलं काही नव्हतं. डोक्याचा घेर योग्य, नजर दोन्ही बाजूंना फिरणारी, आवाजाकडे वळणारी. यांतलं एक जरी असतं तरी त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे परत पाठवलं असतं. गावातल्या आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या महिन्यात घरी येतात तेव्हाही हेच विचारावं. शंका वाटली तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या जिल्हा केंद्रात मोफत तपासणी होते.

हात आधी की कंबर आधी

आजीचा प्रश्न सरळ होता : "मान धरली, पालथी पडली, मग कंबर का धरंना?"

बाळाचं डोकं अंगाच्या मानानं फार मोठं. जन्मतः एकूण लांबीचा चौथा हिस्सा डोकंच असतं, मोठ्या माणसात आठवा. एवढं वजन वर आणि बैठक इवलीशी. त्यात हात पुढे केला की तोल आणखी पुढे जातो. तुम्ही-आम्ही फळीवरचा डबा काढताना हात उचलायच्या आधीच पाठीचे नि पोटाचे स्नायू सावध होतात, आपल्याला कळतही नाही. पुढे झुकलं की पाठीनं ओढायचं, मागे गेलं की पोटानं, एवढी मुळाक्षरं बाळाला बसता येण्याच्या आधीपासून येतात. किती जोरात, किती आधी, हे मात्र हजार वेळा डगमगूनच ठरतं. अमेरिकेत सॅन्ड्रा सावेद्रा आणि मार्जोरी वुलाकॉट यांनी बाळांना धडाच्या वेगवेगळ्या उंचीवर आधार देऊन पाहिलं (२०१२) आणि हा ताबा वरून खाली, एकेक मजला उतरत येतो हे दाखवलं. जया रच्वानी यांचं २०१३चं काम तर छकुलीचं वर्णन वाटावं असं आहे. ज्या बाळांचा ताबा फक्त छातीपर्यंत आला होता, त्यांना छातीशी धरलं की त्यांचा हात कमरेपर्यंत ताबा आलेल्या बाळांसारखाच चालायचा. आधार खाली नेला की तोच हात भरकटायचा.

हात स्वतः कसा शिकतो, यावर मला सर्वांत जवळचं वाटतं ते एस्थर थेलेन यांचं काम. १९९३ साली त्यांनी फक्त चार बाळांचा आठवड्या-आठवड्यानं पाठपुरावा केला. १२ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान चौघांनी पहिल्यांदा वस्तूला हात लावला, पण चौघांची वाट वेगळी होती. एक बाळ आधीपासून हात जोरजोरात फडफडवणारं, त्याला तो जोर आवरायला शिकावं लागलं. दुसरं संथ, त्याला जोर लावायला शिकावं लागलं. चार बाळांचा अभ्यास लहान वाटेल, पण रोज बाळं हाताळणाऱ्या माणसाला तो शंभर टक्के पटतो. सगळ्यांना एकच व्यायाम लिहून देणाऱ्या छापील कागदांवरचा माझा विश्वास तिथेच उडाला.

लोकांना वाटतं, बाळ आपल्या हाताकडे बघत बघत तो वस्तूपर्यंत नेतं. तसं नाही. त्याच १९९३ साली रेचेल क्लिफ्टन यांनी अंधारात चमकणारी आणि आवाज करणारी खेळणी ठेवली. स्वतःचा हात दिसत नसतानाही बाळांनी ती पकडली, आणि उजेडात ज्या वयात पकडायला लागली साधारण त्याच वयात. हात कुठे आहे हे बाळाला आतून कळतं. पण ते 'आतून' धडाला टेकलेलं असतं आणि धडच डोलत असेल तर हाताचा नेम कशावर बसणार?

पहिला सल्ला चुकला

पहिल्या दिवशी मी तीन गोष्टी सांगितल्या. पांगुळगाडा बंद. तो मी कोणत्याच बाळाला सांगत नाही : त्यात बाळ झोळीत लटकल्यासारखं असतं, धड काम करत नाही, पायांच्या बोटांवर ढकलायची सवय लागते, वर उंबऱ्यावरून, पायरीवरून उलटून डोक्याला मार लागतो. कॅनडानं २००४ साली त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. दुसरं, उशांच्या कोपऱ्यात बसवणं बंद. तिसरं, जागेपणी पालथं ठेवणं, थोडं थोडं करून दिवसाकाठी अर्धा तास. जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ची शिफारस तेवढीच आहे. झोपवताना मात्र कायम उताणंच.

दहा दिवसांनी परत आल्या तेव्हा पांगुळगाडा माळ्यावर गेला होता, पण पालथं ठेवणं तिसऱ्या दिवशीच सुटलं होतं. "वरडून वरडून लालभडक हुती वो. बघवत न्हाय." आई खाली मान घालून बसली होती, जणू परीक्षेत नापास झाली. वाईट मला वाटलं. घड्याळाचा आकडा मी ज्या घरात दिला, तिथे दिवसाला घड्याळ नव्हतंच. आणि छकुलीला जमीन परकी होती. तिला एकदम तिथं नेऊन टाकायला मीच सांगितलं होतं.

मग मी आजीला विचारलं, आंघोळ कशी घालता? दाखवा.

आजी फरशीवर बसली, पाय लांब पसरले, लुगडं गुडघ्यापर्यंत घेतलं आणि छकुलीला नडग्यांवर पालथी टाकली, डोकं पावलांकडे. एक हात पाठीवरून वरखाली फिरू लागला. छकुली रडली नाही. उलट मान उचलली, छाती उचलली, दोन्ही हात आजीच्या घोट्यांवर टेकवून वर बघायला लागली. खोलीतल्या पंख्याकडे, मग माझ्याकडे. तीन मिनिटं झाली, चार झाली. हे बाळ जन्मल्यापासून रोज पालथं पडत होतं, ओळखीच्या पायांवर, ओळखीच्या हाताखाली. मी त्याला पालथं ठेवणं मानलं नव्हतं आणि आजीलाही ते आंघोळ सोडून दुसरं काही वाटत नव्हतं.

त्या दिवशी कागद फाडला आणि नवा आखला. आंघोळीच्या आधीचं तेल लावणं जरा लांबवायचं. तेल नाका-कानात सोडायचं नाही आणि हातपाय हिसकायचे नाहीत, एवढी अट. नडग्यांवर पालथी असताना आजीच्या पावलांपुढे स्टीलचं फुलपात्र ठेवायचं. आंघोळ झाल्यावर अंग पुसून कोरड्यानं पुन्हा तीच बैठक. मग आजीनं पाय थोडे फाकवायचे, म्हणजे बाळाची कुशी, पोट, मांड्या हळूहळू जमिनीला लागतील. पायांवरून जमिनीवर उतरायला आम्हाला आठ-नऊ दिवस लागले. आईसाठी वेगळं : दूध पाजून झाल्यावर थोड्या वेळानं, ढेकर आली की, आईनं रेलून बसायचं आणि बाळाला छातीवर पालथं घ्यायचं. दिवसभर शेतात राबलेल्या बाईला याच्याएवढा सोपा व्यायाम मला सुचत नाही.

बसून हात मोकळे करणं

बसण्यासाठी आजीच्या हातांची जागा मी पेनानं छकुलीच्या झबल्यावर आखून दिली. धरायचं तिथे, जिथे बाळ डगमगेल पण सावरेल. फार वर धरलं तर कंबर कामच करणार नाही. फार खाली धरलं तर ती कोसळेल आणि हात पुन्हा जमिनीला जातील. आजीला हे शब्दांत सांगून भागलं नाही. तिचे हात माझ्या हातांखाली धरून दोन्ही प्रकार करून दाखवले, तेव्हा ती म्हणाली, "आलं ध्येनात. वासरू उभं करताना धरतो तसं." मला गोठ्यातलं फारसं कळत नाही, पण तिच्या बोटांना नेमकं कळलं होतं.

समोर एक पाट. साधा लाकडी, चार-पाच इंच उंचीचा, घरात होताच. हात जमिनीवरून एकदम हवेत उचलायचे म्हणजे मोठी उडी. पाटावर टेकले की पाठ आपोआप थोडी सरळ होते आणि हात छातीच्या उंचीला येतात. वस्तू पाटावर, मधोमध, हाताच्या टप्प्यात : फुलपात्र, लाकडी पळी, गाठी मारलेला सुती रुमाल. हलकं आणि धरायला सोपं एवढंच पाहायचं. खेळण्यावर पैसे घालू नका असं मी सांगितलं, आणि सगळ्यांना सांगते. थकली, तोंड फिरवलं, की थांबायचं. दिवसातून पाच-सहा वेळा, दोन-तीन मिनिटं, चहा उकळेपर्यंत.

चौथ्या आठवड्यातली भेट मला नीट आठवते. छकुली पाटासमोर, आजीचे हात कमरेच्या वरच्या कडेवर. फुलपात्र पाटाच्या मध्यावर. तिनं बघितलं. डावा तळवा पाटाच्या कडेला दाबून ठेवला. उजवा उचलला, थांबला, पुन्हा थोडा पुढे, पुन्हा थांबला. बाळांचे सुरुवातीचे हात असेच तुकड्या-तुकड्यांत जातात, सरळ रेघ नंतर येते. तिसऱ्या तुकड्याला बोटं कडेला लागली आणि फुलपात्र घरंगळलं. धड डावीकडे गेलं. आजीचे हात आवळले नाहीत, तिनं वाट पाहिली. छकुली स्वतःहून मधे आली, परत हात टाकला आणि या वेळी तळवा कडेवर बसला. स्टील पाटावर घासल्याचा आवाज आला. तिनं ते उचललं नाही, फक्त दाबून धरलं आणि आजीकडे वळून बघायचा प्रयत्न केला. आईच्या डोळ्यांत पाणी होतं.

मला त्यात महत्त्वाचं वाटलं ते आजीचं न आवळणं. पहिल्या आठवड्यात बाळ जरा हललं की ती घट्ट धरायची. ते सोडणं हे आजीचं शिकणं होतं आणि छकुलीच्या शिकण्याइतकंच अवघड होतं.

सहाव्या आठवड्यात, म्हणजे कागदावर नऊ महिने आणि आमच्या हिशेबानं पावणेआठ, ती आधाराशिवाय चार-पाच मिनिटं बसत होती आणि समोरची वस्तू एका हातानं घेत होती. फिलिप रोशा यांनी १९९२ मध्ये नोंदवलेला बदल इथे डोळ्यांपुढे घडला. बसता न येणारी बाळं आडवी असताना दोन्ही हात एकदम पुढे करतात, बसू लागली की एक हात पुढे येतो, मग आडवी असोत की बसलेली. छकुलीला मी मुद्दाम पुन्हा उताणी ठेवून तोच लाल गोंडा दाखवला. पहिल्या दिवशी दोन्ही हात आले होते, आता उजवा एकटाच आला, दुसऱ्या खेपेला डावा. बसायला शिकली कंबर आणि बदलली हाताची चाल, तीसुद्धा आडवी असताना.

बाजूची वस्तू घेताना मात्र अजून कलंडायची. मागे पडायची भीती म्हणून घरी तिच्याभोवती पुन्हा उशा आल्या होत्या. त्या काढायला लावल्या नाहीत, हातभर मागे सरकवायला लावल्या. टेकायला नकोत, पडल्यावर लागायला नको एवढ्यापुरत्या. मग पाट काढून घेतला आणि वस्तू थोडी उजवीकडे, थोडी डावीकडे, हळूहळू मांडीच्या बाहेर ठेवायला सुरुवात केली. एक हात टेकवून दुसऱ्यानं घेणं, मग वळून घेणं.

किती आपलं, किती तिचं

प्रामाणिकपणे एक लिहिलं पाहिजे. छकुली पहिल्यापासून वयाच्या चौकटीत होती. काहीच केलं नसतं तरी ती बसली असती, असं मला वाटतं. एका बाळावरून उपचाराचं श्रेय ठरत नाही. पण पांगुळगाड्यात आणि कोपऱ्यात तिचे दिवस तसेच गेले असते, हात खांबाच्या कामाला जुंपलेले राहिले असते, आणि आजीनं 'हातात जोर न्हाय' हे मनाशी धरून ठेवलं असतं. घरानं एखादं बाळ कमजोर ठरवलं की त्याच्यापुढे वस्तू ठेवणंच कमी होतं. मला त्याची भीती जास्त वाटते.

बाळाला लवकर बसवण्याची घाई मला मान्य नाही. जमिनीवर मोकळं सोडणं, आणि बसवलं तर हाताच्या आधारानं, उशांच्या नाही, एवढाच माझा आग्रह.

शेवटची भेट

दहाव्या आठवड्यात पाऊस सुरू झाला होता. आईचा शेतातला व्याप जरा कमी होता, म्हणून या वेळी वडीलही आले. छकुली दहा महिन्यांची, दुरुस्त वय (ते पाच आठवडे वजा करून) पावणेनऊ. बसल्या जागी वळून पाठीमागचा चमचा घेतला. बसल्यावरून दोन्ही हात पुढे टाकून गुडघ्यांवर गेली, पुढेमागे झुलली, पोटावर आपटली, परत उठली. दोन्ही हात सारखे, अंगठा-तर्जनीच्या चिमटीची सुरुवात झालेली. सतरंजीवरचा दोऱ्याचा तुकडा तिनं तीन प्रयत्नांत उचलला आणि तोंडात घातला.

नियमित भेटी थांबवल्या. पुढची तपासणी दुरुस्त वयाच्या बाराव्या महिन्यात ठेवली. त्याआधी एक हात मागे पडतोय असं वाटलं, किंवा येत असलेलं काही थांबलं, तर लगेच यायचं, असं कार्डावर लिहून दिलं. पांगुळगाडा आता चालायला शिकवण्यासाठी काढायचा का, हे वडिलांनी विचारलं. नाही म्हणून सांगितलं.

निघताना आजीला विचारलं, घरात बेदाणे कुठे ठेवता? स्वयंपाकघरात खालच्या फडताळावर, उघड्या डब्यात. तो डबा आजच्या आज झाकण लावून वर ठेवायला सांगितलं. बेदाणा, शेंगदाणा, फुटाणा, हरभऱ्याची डाळ, सगळंच घशात अडकण्याजोगं. आतापर्यंत तिचा हात तिथे पोचत नव्हता.

"आता पोचतोय," आजी म्हणाली, आणि मुलाला डबा कुठे ठेवायचा ते सांगत बाहेर पडली.